तिसऱ्या वाटेचे जहाज

फेब्रुवारी 1955 च्या सुरुवातीला सुएझ कालव्यातून एक नौका भूमध्य समुद्राकडे निघाली होती. तिच्यावर युगोस्लाव्हियाचे राष्ट्राध्यक्ष योसिप ब्रॉझ टिटो होते. भारत आणि ब्रह्मदेशाचा दौरा आटोपून ते मायदेशी परतत होते. वाटेत इजिप्तचे पंतप्रधान गमाल अब्देल नासर त्या नौकेवर आले आणि पुढे पंधरा वर्षे टिकलेल्या मैत्रीची पहिली भेट तिथेच झाली. ही भेट कैरोतल्या एखाद्या राजवाड्यात न होता कालव्यात का झाली, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण त्या वेळची परिस्थिती पाहिली तर त्याचे महत्त्व कळते. कालवा सुएझ कंपनी चालवत होती. त्याच्या पट्ट्यात ब्रिटिश सैन्य तळ ठोकून होते आणि ते हलवण्याचा करार होऊन चार महिनेही झाले नव्हते. म्हणजे ज्या पाण्यावर दोन नेते भेटले, तिथे इजिप्तचीही सत्ता अजून पुरती चालत नव्हती. नौदलाच्या किंवा सरकारी जहाजावर मात्र, ते कुठल्याही पाण्यात असो, ज्याचे निशाण त्याचाच अंमल चालतो, हा जुना आंतरराष्ट्रीय संकेत आहे. इंग्रजांच्या पहाऱ्यातल्या त्या कालव्यात परक्या सत्तेचा हात न पोहोचणारी थोडीशी जागा होती, आणि ती एका युगोस्लाव्ह नौकेच्या डेकवर होती. त्या नौकेचे नाव गालेब, म्हणजे समुद्रपक्षी कुरव.

राष्ट्रप्रमुखांच्या नौकांबद्दल आपल्याकडे एक पक्के मत असते. गालिचे, चांदीची भांडी, पांढऱ्या गणवेशातले सेवक, लोकांच्या पैशावरची चैन. पुष्कळ नौकांबाबत हे मत खरेही आहे. तरीही गालेबचा इतिहास नीट वाचला तर एक वेगळे सत्य पुढे येते, आणि ते मांडणे हाच या लेखाचा हेतू आहे. टिटोंच्या परराष्ट्र धोरणाला गालेब केवळ शोभा आणत नव्हती, त्या धोरणाचे ते कामाचे अवजार होते. अमेरिका आणि सोव्हिएत संघ अशा दोन छावण्यांत जग वाटले गेले असताना, कुठल्याच छावणीत नसलेल्या एका लहान आणि गरीब देशाला तीन गोष्टींची निकड होती: बोलणी करायला स्वतःच्या हक्काची जागा, नव्या मित्रांची ओळख करून घ्यायला सवड, आणि कुणाच्याही परवानगीवर न अडणारी वाट. या तिन्ही गोष्टी त्या काळी एका जहाजाने मिळत होत्या. अलिप्ततावादी चळवळीचा इतिहास आपण बहुधा भाषणे आणि ठराव यांच्यातून वाचतो. तो इंधन, नकाशे आणि बंदरे यांच्यातूनही वाचायला हवा.

ही नौका जन्माला आली ती कुणा राष्ट्राध्यक्षासाठी नव्हे, केळ्यांसाठी. 1930 च्या दशकात मुसोलिनीच्या इटलीने केळ्यांचा व्यापार सरकारी मक्तेदारीखाली घेतला होता. इटालियन सोमालीलँडमधल्या मळ्यांतली केळी युरोपात पोचेपर्यंत पिकून सडू नयेत म्हणून शीतगृह असलेली वेगवान जहाजे हवी होती. त्या मक्तेदारी खात्याच्या आद्याक्षरांवरून 'राम्ब' असे नाव दिलेली चार जहाजे बांधली गेली. त्यांतले तिसरे जिनोव्हा येथील आन्साल्दो गोदीत 1938 मध्ये तयार झाले. लांबी 117 मीटर, दोन डिझेल इंजिने, ताशी सुमारे 17 सागरी मैल वेग. फळे वाहणाऱ्या जहाजाला एवढा वेग देण्यामागे आणखी एक हिशेब होता. युद्ध पेटले की त्यांवर तोफा चढवून मदतनीस युद्धनौका म्हणून ती वापरता यावीत, अशीच त्यांची रचना होती. आणि युद्ध पेटलेच. राम्ब-1 ला फेब्रुवारी 1941 मध्ये मालदीवच्या पश्चिमेला न्यूझीलंडच्या 'लिअँडर' या क्रूझरने बुडवले. राम्ब-2 जपानच्या आश्रयाला गेले. राम्ब-4 रुग्णालय-जहाज असताना मासावा बंदरात इंग्रजांच्या हाती लागले आणि पुढे जर्मन बॉम्बहल्ल्यात संपले.

राम्ब-3 ची कहाणी या सगळ्यांहून लांबली. नोव्हेंबर 1940 मध्ये ओत्रांतोच्या सामुद्रधुनीत ब्रिटिश युद्धनौकांनी इटलीच्या एका काफिल्यावर छापा घातला. चारही व्यापारी जहाजे बुडाली, रक्षणाला असलेले राम्ब-3 मात्र निसटले. पुढच्या वर्षी बेनगाझीत एका ब्रिटिश पाणबुडीच्या पाणतीराने त्याला जबर जखमी केले. दुरुस्तीनंतर ते पुन्हा उभे राहिले, तोवर सप्टेंबर 1943 मध्ये इटलीने शरणागती पत्करली आणि जहाज जर्मनांनी ताब्यात घेतले. 'कीबित्झ' या नव्या नावाने ते एड्रियाटिक समुद्रात पाणसुरुंग पेरू लागले. 5 नोव्हेंबर 1944 ला दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी रिएका बंदरात त्याला तळाशी पाठवले. चार वर्षे ते पाण्याखाली होते. 1948 मध्ये युगोस्लाव्ह पाणबुड्यांनी आणि अभियंत्यांनी ते वर काढले, पुला येथील उल्यानिक गोदीत त्याची नव्याने बांधणी झाली आणि 1952 मध्ये ते गालेब या नावाने नौदलात दाखल झाले. कागदोपत्री ते छात्रांना शिकवण्याचे प्रशिक्षण-जहाज होते. प्रत्यक्षात राष्ट्राध्यक्षांच्या दौऱ्यांसाठीही ते सज्ज केले गेले. हे तपशील महत्त्वाचे आहेत, कारण टिटोंनी परदेशी गोदीला नवी कोरी नौका बांधायला सांगितली नव्हती. शत्रूने मागे टाकलेला सांगाडा त्यांच्या देशातल्याच कामगारांनी दुरुस्त केला. त्यावर राष्ट्रध्वज चढवण्यात युद्धातून सावरणाऱ्या देशाचा स्वाभिमान होता, आणि तो खोटा म्हणता येत नाही.

जहाज वर काढले गेले त्याच 1948 मध्ये युगोस्लाव्हियाच्या राजकारणाची दिशा पालटली. 28 जून रोजी कॉमिनफॉर्मने, म्हणजे स्टालिनच्या मुठीतल्या साम्यवादी पक्षांच्या संघटनेने, युगोस्लाव्ह पक्षाला बाहेर काढले. पाठोपाठ पूर्व युरोपातल्या देशांनी व्यापार तोडला, करार मोडले, सीमांवर चकमकी सुरू झाल्या. पश्चिमेकडून धान्य, कर्ज आणि शस्त्रे येऊ लागली खरी, पण त्या मदतीतून नवे मिंधेपण येण्याची भीती होती. देश साम्यवादी राहिला, म्हणून पश्चिमेला परका. मॉस्कोशी भांडला, म्हणून पूर्वेला गद्दार. अशा देशाच्या प्रमुखाने देशाबाहेर पाऊल कसे टाकावे, हा नुसता राजशिष्टाचाराचा प्रश्न उरत नाही. रशियन इतिहासकार दिमित्री वोल्कोगोनोव्ह यांनी 1993 मध्ये प्रसिद्ध केलेल्या सोव्हिएत कागदपत्रात टिटोंच्या हत्येच्या योजना नमूद आहेत. 'मॅक्स' या टोपणनावाचा हेर त्यासाठी नेमायचा होता आणि टिटोंच्या नियोजित लंडन भेटीचा उल्लेखही त्यात संधी म्हणून आलेला आहे. आपलेच खलाशी, आपलाच स्वयंपाक, आपलाच डॉक्टर असलेल्या जहाजाने प्रवास करण्याला त्या दिवसांत जो अर्थ होता, तो चैनीचा नव्हता.

मार्च 1953 मध्ये गालेब त्या लंडन भेटीसाठी निघाली. ती तिथे पोचली तेव्हा स्टालिनचा मृत्यू होऊन जेमतेम दीड आठवडा लोटला होता. थेम्सच्या वाटेने टिटो लंडनला पोचले आणि वेस्टमिन्स्टरच्या धक्क्यावर त्यांचे स्वागत करायला विन्स्टन चर्चिल, परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन आणि एडिनबराचे ड्यूक उभे होते. ब्रिटनला भेट देणारे ते पहिले साम्यवादी राष्ट्रप्रमुख ठरले. ब्रिटिश कॅथलिकांनी या भेटीला कडाडून विरोध केला. आर्चबिशप अलोइझिए स्टेपिनात्स यांना 1946 मध्ये टिटोंच्या राजवटीने तुरुंगात धाडले होते आणि त्याचा राग लेखकांपासून धर्मगुरूंपर्यंत अनेकांच्या मनात होता. भेट तरीही झाली. समुद्रावर सत्ता गाजवलेल्या राष्ट्राच्या राजधानीत हा पाहुणा कुणी पाठवलेल्या विमानातून उतरला नाही. स्वतःच्या जहाजातून, स्वतःच्या नौदलासह आला. मदत घेणारा देश याचक म्हणून आलेला नाही, हे त्या आगमनाने भाषणाआधीच सांगून टाकले होते.

आपल्या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण प्रवास त्यानंतरचा आहे. 1954 च्या अखेरीस गालेब एड्रियाटिकमधून निघाली, सुएझ ओलांडून तांबड्या समुद्रातून अरबी समुद्रात शिरली आणि डिसेंबरच्या मध्यावर मुंबई बंदरात पोचली. तिथून टिटो दिल्लीला गेले. पंडित नेहरू आणि टिटो यांनी काढलेल्या संयुक्त निवेदनात पंचशीलाचा पुरस्कार होताच, शिवाय एक महत्त्वाचा खुलासाही होता. अलिप्तता म्हणजे तटस्थपणे हात बांधून बसणे नव्हे, ते सक्रिय आणि विधायक धोरण आहे, असे दोघांनी स्पष्ट केले. 'कुंपणावर बसणारे' अशी जी टीका तेव्हा सर्रास होत होती, तिला दिलेले हे उत्तर होते. नंतर ब्रह्मदेशात पंतप्रधान ऊ नू यांच्याशी बोलणी झाली आणि परतीच्या वाटेवर सुएझमध्ये नासर. एकाच फेरीत तीन देशांच्या तीन नेत्यांशी नाते जुळले. जुलै 1956 मध्ये नेहरू आणि नासर टिटोंच्या ब्रिओनी बेटावर भेटले, तेव्हा त्या बैठकीची पायाभरणी दीड-दोन वर्षे आधी याच सागरी वाटेवर झालेली होती.

इथे एक मुद्दा सहसा नजरेआड होतो, आणि माझ्या मते गालेबच्या इतिहासाची किल्ली त्यातच आहे. एप्रिल 1955 मध्ये बांडुंग येथे आशिया आणि आफ्रिकेतल्या देशांची जी ऐतिहासिक परिषद भरली, तीत युगोस्लाव्हियाला जागा नव्हती. तो युरोपातला देश होता, गोऱ्या लोकांचा होता. वसाहतवादाविरुद्ध लढलेल्या राष्ट्रांशी त्याचे रंगाचे, भूगोलाचे किंवा इतिहासाचे सहज नाते नव्हते. नेहरूंच्या मागे स्वातंत्र्यलढ्याची पुण्याई होती, इंडोनेशियाचे सुकार्नो यजमान होते, नासर अरब जगाचा आवाज बनत होते. टिटोंना मात्र आपण तुमच्यातले का, हे दर बंदरात नव्याने पटवून द्यावे लागत होते. या देशांपैकी बहुतेक ठिकाणी युगोस्लाव्ह वकिलाती नव्हत्या किंवा नुकत्याच उघडत होत्या. तेव्हा जहाजच वकिलात बनले. आज भारत, उद्या ब्रह्मदेश, मग इथिओपिया. 1955 च्या शेवटी टिटो इथिओपियाला सम्राट हैले सेलासींकडे गेले. डिसेंबर 1958 ते मार्च 1959 या काळात इंडोनेशिया, ब्रह्मदेश, भारत, श्रीलंका, इथिओपिया, सुदान आणि इजिप्त अशी तीन महिन्यांची फेरी झाली. परिषदेचे निमंत्रण नसलेल्या माणसाने परिषदेतल्या देशांना त्यांच्या घरी जाऊन भेटायचे ठरवले होते.

पुढचा टप्पा आफ्रिकेचा. फेब्रुवारी ते एप्रिल 1961 अशा 72 दिवसांच्या दौऱ्यात टिटो घाना, टोगो, लायबेरिया, गिनी, माली, मोरोक्को, ट्युनिशिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताकात (इजिप्त आणि सीरियाच्या तेव्हाच्या संघात) गेले. लायबेरिया सोडला तर बहुतेक देश हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या वर्षांचे स्वतंत्र होते. टोगो आणि माली यांना तर पुरते वर्षही झाले नव्हते. दौरा सुरू होत होता तेव्हाच काँगोचे पंतप्रधान पॅट्रिस लुमुम्बा यांच्या हत्येची बातमी जगाला कळली आणि बेलग्रेडमध्ये बेल्जियन वकिलातीसमोर संतप्त निदर्शने झाली. अशा वातावरणात युरोपातून आलेले एक जहाज आफ्रिकेच्या बंदरांत शिरत होते. चारशे वर्षे युरोपची जहाजे त्या किनाऱ्यांवर काय न्यायला येत, हे तिथल्या लोकांना ठाऊक होते. हे जहाज मात्र न्यायला आलेले नव्हते. ते ऐकायला आले होते, अभियंते आणि कारखाने देऊ करायला आले होते, आणि त्या बदल्यात संयुक्त राष्ट्रसंघातली साथ मागत होते. सोबत 'फिल्म्सके नोवोस्ती' या वृत्तचित्र संस्थेचे छायाचित्रकार असत. त्यांतले स्तेवान लाबुदोविच पुढे अल्जीरियाच्या मुक्तिसैनिकांबरोबर राहून त्यांचा लढा टिपणारे म्हणून ओळखले गेले. त्यांच्या रिळांतून नव्या आफ्रिकेची जी चित्रे उरली आहेत, ती या प्रवासांची मोठी देणगी आहे. सप्टेंबर 1961 मध्ये बेलग्रेडला अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली. तिच्या 25 सदस्य देशांपैकी बऱ्याच देशांच्या नेत्यांशी टिटोंची प्रत्यक्ष ओळख त्याआधी झालेली होती, आणि ती ओळख घडवण्यात गालेबचा मोठा वाटा होता.

नौका ही खरी गरज होती, या माझ्या मांडणीवरचा पहिला आक्षेप सरळ आहे. विमाने होती ना? होती. पण 1950 च्या दशकातल्या लांब पल्ल्याच्या विमानप्रवासात इंधनासाठी वारंवार उतरावे लागे आणि प्रत्येक मुक्कामाला व प्रत्येक आकाशमार्गाला कुणाची तरी परवानगी लागे. आफ्रिकेतल्या आणि पश्चिम आशियातल्या कित्येक धावपट्ट्या तेव्हा वसाहतवाल्यांच्याच ताब्यात होत्या. समुद्रही पूर्णपणे मोकळा नव्हता, हे मान्य करायला हवे. जानेवारी 1958 मध्ये अल्जीरियन क्रांतिकारकांसाठी शस्त्रे नेणारे 'स्लोव्हेनिया' हे युगोस्लाव्ह मालवाहू जहाज फ्रेंच नौदलाने अडवून त्यावरची शस्त्रे जप्त केली होती. पण व्यापारी जहाज अडवणे आणि राष्ट्राध्यक्ष असलेल्या नौदलाच्या जहाजाला हात लावणे यांत युद्ध आणि शांतता यांच्याइतके अंतर आहे. दुसरी गोष्ट वेळेची. समुद्रात दहा-बारा दिवस एकत्र घालवले की मंत्री, सल्लागार आणि राजदूत यांना पुढच्या देशाचा अभ्यास करायला, मसुदे घासूनपुसून तयार करायला, एकमेकांशी वाद घालायला अवधी मिळतो. यजमान नेत्याला जहाजावर जेवायला बोलावले की पाहुणा आणि यजमान यांची अदलाबदल होते. गरीब देशाच्या राष्ट्रप्रमुखाला श्रीमंत देशांत कायम पाहुणाच राहावे लागते. गालेबवर टिटो दर बंदरात यजमान होऊ शकत होते.

विमानाचा युक्तिवाद पुढच्या काळात जिंकला, हेही तितकेच खरे. जेट विमाने आली तशी राष्ट्रप्रमुखांच्या नौका एकामागून एक निवृत्त झाल्या. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी 1977 मध्ये 'सिक्वोया' विकून टाकली, कारण साधेपणाचे वचन देऊन आलेल्या माणसाला ती परवडणारी नव्हती. ब्रिटनची 'ब्रिटानिया' 1954 ते 1997 या काळात दहा लाखांहून अधिक सागरी मैल फिरली आणि मग तिच्या जागी नवी बांधायची नाही असे सरकारने ठरवले. 2021 मध्ये बोरिस जॉन्सन यांनी नव्या राष्ट्रीय नौकेची घोषणा केली, पुढच्याच वर्षी सुनक सरकारने ती रद्द केली. यावरून मी असा निष्कर्ष काढतो की नौकेचे समर्थन सर्वकाळ होऊ शकत नाही. एखाद्या विशिष्ट राजकीय गरजेपुरते ते होते, आणि गरज संपली की उरते ते वैभव. ऑगस्ट 1941 मध्ये रुझवेल्ट मासेमारीच्या सहलीला निघाल्याचे भासवून 'पोटोमॅक' नौकेवर चढले आणि समुद्रातच क्रूझरवर जाऊन चर्चिलना भेटायला रवाना झाले. पोटोमॅक मात्र ते जणू तिच्यावरच आहेत अशा थाटात किनाऱ्यालगत फिरत राहिली. अटलांटिक सनदेच्या त्या भेटीसाठी नौकेने दिलेले आवरण अमूल्य होते. ते आठवडे संपल्यावर ती पुन्हा साधी नौका झाली.

दुसरा आक्षेप भारतीय वाचकाच्या मनात आपोआप येईल. नेहरूंकडे अशी नौका नव्हती, तरी अलिप्ततेच्या धोरणाचे ते अग्रणी होते. मग टिटोंनाच ती का लागावी? हा आक्षेप वजनदार आहे. त्याचे अर्धे उत्तर वर येऊन गेले: भारताला आपली ओळख करून द्यायची गरज नव्हती, युगोस्लाव्हियाला होती. उरलेले अर्धे उत्तर असे की नेहरूंनीही जहाजाचे महत्त्व ओळखले होते. जून 1950 मध्ये ते इंडोनेशियाला गेले ते 'आयएनएस दिल्ली' या क्रूझरवरून. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या इंडोनेशियाच्या बंदरात नुकत्याच स्वतंत्र झालेल्या भारताची युद्धनौका शिरणे, याचा अर्थ तिथल्या प्रत्येकाला कळत होता. ही 'दिल्ली' म्हणजे पूर्वीची 'अकिलीस', राम्ब-1 ला बुडवणाऱ्या 'लिअँडर'ची भगिनी-नौका. साम्राज्यांनी आणि फॅसिस्ट राजवटींनी बांधलेली जहाजे काही वर्षांच्या अंतराने नव्या राष्ट्रांच्या नेत्यांना एकमेकांकडे नेत होती, हा इतिहासाचा मला फार भावणारा भाग आहे. फरक एवढाच की भारताने एका दौऱ्यापुरती युद्धनौका वापरली आणि ती पुन्हा तिच्या कामाला लावली. राष्ट्रप्रमुखासाठी खास जहाज ठेवले नाही. लोकशाही देशाने असेच करायला हवे होते, आणि ते केले, याचे मोल कमी नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्याला अर्धवट उत्तर देऊन पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. ज्या वर्षी गालेब मुंबईला आली, त्याच 1954 च्या जानेवारीत टिटोंचे निकटचे सहकारी मिलोव्हान जिलास यांना पक्षाच्या केंद्रीय समितीतून काढून टाकण्यात आले होते. त्यांचा गुन्हा असा की क्रांतीनंतर सत्तेवर आलेल्या लोकांची बंदिस्त, सुखासीन जीवनशैली आणि त्यांचा अहंकार यांवर त्यांनी जाहीरपणे लिहिले, पक्षाची मक्तेदारी सैल व्हावी असे सुचवले. पुढे 1957 मध्ये 'द न्यू क्लास' हे त्यांचे पुस्तक परदेशात प्रसिद्ध झाले तेव्हा ते तुरुंगात होते. त्याच एड्रियाटिक समुद्रात, रिएकापासून फार दूर नसलेल्या गोली ओतोक या ओसाड बेटावर 1949 पासून स्टालिनवादी ठरवलेले हजारो लोक डांबले गेले होते. त्यांत खरे हस्तक होते तसे नुसत्या संशयाने पकडलेलेही पुष्कळ होते. तिथे त्यांच्याकडून दगड फोडून घेतले जात आणि कैद्यांनाच कैद्यांवर हात उगारायला लावले जाई. बाहेरच्या जगात राष्ट्रांच्या समानतेविषयी बोलणारी नौका आणि घरातल्या मतभेदाला जागा न देणारे बेट, या दोन गोष्टी एकाच माणसाच्या सत्तेतून आल्या. ब्रिओनीवर आणि गालेबवर चित्रपटतारे आणि राजे यांची वर्दळ वाढत गेली तसा जिलास यांचा आरोप अधिकच खरा ठरत गेला. 1961 नंतरच्या बऱ्याच प्रवासांना मी वर सांगितलेली गरज लावता येत नाही.

मग गालेबचे परराष्ट्र-राजकारणातले मोल शून्य धरायचे का? तसे धरणे मला चूक वाटते, आणि यात टिटोंबद्दल भक्ती नाही. एखाद्या साधनाने काय साधले आणि ते साधन कुणाच्या हाती होते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही विचारले पाहिजेत, पण एकाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी ठेवून चालत नाही. अल्जीरियाच्या हंगामी सरकारला सप्टेंबर 1961 मध्ये युगोस्लाव्हियाने मान्यता दिली. युरोपातल्या एका देशाने फ्रान्सचा रोष पत्करून हे केले, आणि आजही अल्जीरियात त्याची कृतज्ञ आठवण ठेवली जाते. गोली ओतोकच्या कैद्यांवरचा अन्याय त्यामुळे कणभरही हलका होत नाही. त्या अन्यायामुळे अल्जीरियाला मिळालेली मान्यताही पुसली जात नाही. तसेच, चळवळ जहाजाने घडवली असे म्हणणेही अतिशयोक्तीचे होईल. ती घडली वसाहती मोडल्यामुळे, अण्वस्त्रांच्या भीतीमुळे, आणि आपल्या धान्याचा व कर्जाचा सौदा करताना मान वाकवावी लागू नये या कोट्यवधी लोकांच्या इच्छेमुळे. जहाजाने एका विशिष्ट देशाला त्या चळवळीच्या मध्यभागी पोचवले. बांडुंगच्या दाराबाहेर राहिलेल्या युगोस्लाव्हियाच्या राजधानीत सहा वर्षांनी पहिली परिषद भरली, ही वस्तुस्थिती गालेब वगळून समजावून सांगता येत नाही.

टिटो 4 मे 1980 रोजी वारले. त्यांच्यामागे देश फार काळ टिकला नाही आणि देश फुटला तेव्हा त्याची मालमत्ताही फुटली. गालेब मॉन्टेनेग्रोच्या किनाऱ्यावर पडून राहिली, मग एका ग्रीक जहाजमालकाला विकली गेली आणि रिएकाच्या गोदीत दुरुस्तीसाठी येऊन थकबाकीत अडकली. आतले सामान हरवत गेले, पत्रा गंजत गेला. 2006 मध्ये क्रोएशियाने तिला सांस्कृतिक वारसा म्हणून संरक्षण दिले आणि 2009 मध्ये रिएका नगरपालिकेने ती दीड लाख डॉलरना विकत घेतली. युरोपीय महासंघाच्या निधीतून तिचे संग्रहालय करण्याचे काम पुढे हाती घेतले गेले. यावर क्रोएशियात कडवट वाद झाले, आणि ते होणारच होते. ज्या देशाच्या राजधानीतल्या मोठ्या चौकाचे मार्शल टिटो हे नाव 2017 मध्ये बदलले गेले, तिथे त्यांच्या नौकेवर सार्वजनिक पैसा का घालावा, असे विचारणाऱ्यांत राजवटीने छळलेल्यांची मुलेही आहेत. त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण जहाज भंगारात काढल्याने तो सुटत नाही, कारण भंगार झालेल्या पुराव्याची उलटतपासणी करता येत नाही. राम्बच्या काळातली केळ्यांची कोठारे, जर्मन पाणसुरुंग, बुडालेला सांगाडा वर काढणारे कामगार, नासर यांच्याशी झालेली भेट आणि गोली ओतोकवर नेलेल्या माणसांची नावे, हे सगळे त्याच डेकखाली मांडले जावे, कुठलेही पान न गाळता. त्यात डिसेंबर 1954 मधल्या मुंबईचाही एक कप्पा असायला हवा. त्या भेटीची कागदपत्रे, छायाचित्रे आणि वृत्तपत्रांतली टिपणे आपल्याकडच्या अभिलेखागारांत आणि ग्रंथालयांत आहेत, आणि ती शोधून रिएकाला देणे हे काम इथल्या अभ्यासकांनाच करावे लागेल.